पुलाचा शेवटचा गाळा

ठकठकरावांची काठी बोलायची, आणि ती काय बोलते ते जगात एकट्या शिलाईकाकूंना कळायचं. दारात एक ठोका म्हणजे चहा टाक. दोन म्हणजे बरोबर कोणीतरी आलंय, पसारा आवर. आणि थांबून थांबून तीन ठोके म्हणजे इथं गडबड आहे, पुढे पाऊल टाकू नका. हे तीन ठोके काकूंनी चाळीस वर्षांच्या संसारात फक्त चारदा ऐकले. एकदा न्हाणीघराची फरशी खचणार होती तेव्हा, एकदा शेजाऱ्यांच्या गॅलरीखाली, एकदा शाळेच्या जिन्यावर. चौथ्यांदा ऐकले ते पुलावर, भर समारंभात. त्या दिवशी काकूंच्या छातीत जी धडकी भरली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

माणूस तसा साधा हो. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. डावा पाय गुडघ्याखाली नाही, तो लढाईत गेला. सैन्यात त्यांचं काम जमिनीतले सुरुंग शोधायचं. पोटावर पडायचं, हातातली सळई वीत वीत अंतरावर जमिनीत खुपसत पुढे सरकायचं, आणि जेवढं तपासून झालं तेवढ्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत अंथरायची. मागून येणाऱ्यांनी त्या दोन फितींच्या मधून चालायचं. आत पाय ठेवला तर जगलात, बाहेर ठेवला तर तुमचं तुम्ही बघा. एवढंच काकूंना माहीत होतं, कारण एवढंच त्यांनी सांगितलं होतं. जास्त विचारलं की गडी काठी उचलून बाहेर पडायचा.

पाय गेल्यावर पाणी खात्यात नोकरी लागली. तिथंही काम तेच म्हणा ना. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, आणि खालचा नळ नेमका कुठे गळतोय ते सांगायचं. तीस वर्षं केलं. त्यांनी दाखवलेल्या जागी खणलं आणि कोरडं निघालं असं एकदाच झालं, तेही खणणाऱ्यानं दोन हात बाजूला खणलं म्हणून. निवृत्त झाले, सळई खात्यात जमा केली, पण काठी कुठे जमा करणार? चालताना ठोक, थांबले की ठोक, कोणी खुर्ची दिली तर आधी खुर्ची ठोक. लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या जावयाच्या घरी गेले, तर आधी त्यांच्या भिंती ठोकल्या आणि मग मुलाला नाव विचारलं. आळीतल्या पोरांनी ठकठकराव नाव पाडलं ते त्यामुळेच. पुढे काकूसुद्धा रागावल्या की त्याच नावानं हाक मारायला लागल्या.

काकू त्यांच्या अगदी उलट. शिलाई मशीन एका सुरात चालतं आणि काकूंचं तोंड दुसऱ्या सुरात. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की गोष्ट ऐकल्याशिवाय सुटायचं नाही, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट पत्राची. "आमचं लग्न ठरलेलं आणि हे तिकडं लढाईवर," काकू तोंडातल्या टाचण्या काढून सांगायच्या. "मी पत्र लिहिलं, तारखेला आला नाहीत तर दुसरा बघते, मग बसा बोंबलत! असे घाबरले बिचारे, एक पाय तिथंच टाकून आले!" गिऱ्हाईक हसून हसून लोळायचं. चाळीस वर्षं काकूंनी ही गोष्ट सांगितली, आणि ती सुरू झाली की आतल्या खोलीतून काठी बाहेर पडल्याचा आवाज यायचा. लाजतात, काकू म्हणायच्या.

तर गावाच्या मधून नदी, आणि नदीवर नवा पूल झाला. सहा गाळ्यांचा, म्हणजे खांबाखांबांवर टेकलेले सहा तुकडे, एकापुढे एक. काम ज्या कंपनीकडे होतं तिथं काकूंचा जावई साइट सुपरवायझर. पोरगा चांगला. कष्टाळू, सासूसासऱ्यांवर जीव टाकणारा. ह्या पुलाला बाबांचं नाव द्यायचं ही कल्पना त्याचीच. कामावरून सुटला की दारोदार फिरून त्यानं दोन हजार सह्या गोळा केल्या, अर्ज दिला, आणि नगरपालिकेनं ठराव एकमतानं मंजूर केला.

काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ठकठकराव मात्र ताटावरून उठले.

"माझं नाव नको," ते म्हणाले.

"का नको? काय वाईट आहे नावात?"

"नको म्हणतोय ना."

"तुम्हाला नको असेल, मला हवंय!" काकू कडाडल्या. "उभा जन्म ठकठकरावांची बायको म्हणून काढला. आता पुलावर लिहिलेलं खरं नाव वाचू दे की लोकांना."

जावयानं समारंभाची तारीख सांगितली तेव्हा मात्र ठकठकरावांचा चेहरा पांढराफटक पडला. जावयानं मुद्दाम तीच तारीख धरली होती, ज्या दिवशी त्यांचा पाय गेला. "दुसरी कुठलीही धरा, जावईबापू," ते म्हणाले. "ही नको." जावयाला वाटलं, बाबा संकोचतात. काकूंनाही तेच वाटलं. संकोची माणसाला थोडं ढकलावं लागतं, असं म्हणून दोघांनी मिळून त्यांना ढकललं.

फलकावरचा पडदा काकूंनी स्वतः शिवला. गडद लाल मखमल, कडेला दुहेरी दुमड, आणि दोरी अशी ओवली की एका हातानं ओढली तरी सरसर बाजूला व्हावी. दुसऱ्या हातात काठी असणार, हे दुसऱ्या कोणाला सुचलं असतं का?

समारंभ सकाळी दहाला. मांडव आणि फलक पलीकडच्या तीरावर. ठरलं होतं ते असं की ठकठकरावांनी आणि काकूंनी अलीकडून पूल चालत ओलांडायचा, पडदा सरकवायचा, मग बँड वाजेल, आणि बँड ऐकू आला की अलीकडे थांबलेली शाळेची बस पुलावरून पहिली येईल. बसमध्ये चाळीस पोरं, आणि दारापाशी पहिल्या सीटवर त्यांची बाई. ती बाई म्हणजे काकूंची लेक.

दोघं निघाले. कठड्याला लागून दोन्हीकडे माणसंच माणसं. काकूंनी ठेवणीतले कपडे घातलेले, मान ताठ. शेजारी हे महाराज, छातीवर पदक, आणि काठी सुरू. टण. टण. टण. लोक टाळ्या वाजवताहेत आणि हे पूल ठोकताहेत.

"आजच्या दिवस तरी पुरे करा ना," काकू ओठ न हलवता म्हणाल्या.

"चांगला केलाय," ते म्हणाले. "भरीव आहे." चेहरा खुलला होता त्यांचा. जावयाचं काम ना शेवटी. पहिला गाळा टण, दुसरा टण, तिसरा, चौथा, पाचवा टण. काकूंना मनातून बरं वाटलं.

सहाव्या गाळ्यावर, मांडव अगदी वीसेक पावलांवर असताना, काठी खाली टेकली आणि आवाज आला, ठप्प.

ते थांबले. एक पाऊल मागे गेले. टण. पुन्हा पुढे. ठप्प. डावीकडे दीड हात, ठप्प. आणखी डावीकडे, टण. मान तिरकी करून ते ऐकत होते, आणि चेहऱ्यावरचं मघाचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. मग त्यांनी काठी उचलली आणि थांबून थांबून तीन ठोके दिले.

काकूंचा उचललेला पाय तसाच राहिला. असं कसं होईल? नवाकोरा पूल, आपल्या जावयानं बांधलेला, ह्यांच्या नावाचा! कान म्हातारे झाले असतील, दुसरं काय?

मांडवातून जावई धावत आला. हसतच आला. "काय झालं बाबा? पाय दुखतोय का?"

"इथं पोकळ आहे."

"बाबा, आजसुद्धा?" जावई हसला. "वरचा थर आहे तो. ऊन लागलं की तसा वाजतो. चला, नगराध्यक्ष खोळंबलेत."

"बघा!" काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. "सुपरवायझर सांगताहेत ना? चला आता, लोक बघताहेत."

आणि तेवढ्यात त्यांची नजर जावयाच्या हाताकडे गेली. शर्ट काकूंनीच शिवलेला. वरून तिसरं बटण तो चिमटीत धरून पिळत होता, पिळत होता, आणि ते तुटून हातात आलं तरी त्याला कळलं नव्हतं. काकू बटण चार फेरे दोरा घालून लावतात, ते सहजासहजी तुटत नाही. त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग जावयाच्या तोंडाकडे पाहिलं.

तिकडे अध्यक्षांना काय, हे तिघं मध्येच का थांबलेत ते कळेना. त्यांनी माइक ओढला. "आपले वीर भावनाविवश झालेले आहेत! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून बँडवाल्यांना वाटलं पडदा सरकला, त्यांनी बँड सुरू केला. बँड वाजला म्हणून अलीकडच्या तीरावर बसचा हॉर्न वाजला, आणि बस हलली.

काकू किंचाळणार होत्या. पण ठकठकरावांनी हात वर केला. शांतपणे ते त्या ठप्प वाजणाऱ्या जागेच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. काठी आडवी धरली. बस त्यांना तुडवून गेली असती तरच पुढे आली असती, हे काकूंना नंतर उमगलं. तेव्हा काही उमगत नव्हतं. तेव्हा फक्त त्यांचं बोलणं कानावर आलं.

"जावईबापू, तुम्ही भरीव म्हणता तर भरीव असेल. येऊ द्या बस. पहिल्या सीटवर कोण आहे, माहितीये ना?"

जावई बसकडे बघत होता. बस पहिल्या गाळ्यावर आली. जावई हलला नाही. पोरांची तोंडं खिडक्यांतून बाहेर, कागदी झेंडे फडफडताहेत. दुसरा गाळा. जावई हलला नाही. अरे हल ना! काकूंना ओरडायचं होतं, पण वाचाच बसली होती. तिसरा गाळा अर्धा झाला, आणि तेव्हा कुठे तो दोन्ही हात वर करून सुसाट पळत सुटला. "थांबव! थांबव! गाडी थांबव!"

बस चौथ्या गाळ्यावर कचकन थांबली. पोरं एकमेकांवर आदळली. लेकीनं दारातून डोकं बाहेर काढून विचारलं, "अहो, काय झालं?" आणि काकू मटकन रस्त्यावरच बसल्या.

बँड एकेक वाद्य करत थांबला. मांडवातून नगरपालिकेच्या मुख्य इंजिनीअरबाई उतरून आल्या. ह्या बाई नवीन होत्या तेव्हा पाणी खात्यात ठकठकरावांच्या मागे वही घेऊन हिंडलेल्या. त्यांनी काय झालं वगैरे काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "काका, कुठून कुठपर्यंत?"

त्यांनी काठीच्या टोकानं आखून दाखवलं. लांबी तीन हात, रुंदी दीड.

पहार आली. एका मजुरानं पहिला घाव घातला, वरचा थर तडकला. दुसरा घातला, तुकडा उडाला. तिसऱ्या घावाला पहार हातभर आत गेली, लोण्यात सुरी जावी तशी, आणि मजूर तोल जाऊन पुढे पडला. त्यानं पहार ओढली, तर तिच्या टोकाला पोतं अडकून आलं. सिमेंटचं रिकामं पोतं. त्यामागून दुसरं. मग विटांचे तुकडे, मग एक फळी. वर चार बोटं गिलावा आणि खाली हे सगळं. बसचं पुढचं चाक बरोबर त्याच्यावरून जाणार होतं.

माणसं एवढी, पण चकार शब्द नाही. अध्यक्षांचा माइक तेवढा चालू राहिला होता. "अरे बाप रे," असं ते जे पुटपुटले ते कर्ण्यातून दोन्ही तीरांवर ऐकू गेलं.

"पण भार टाकून बघितला होता ना आपण?" इंजिनीअरबाईंनी विचारलं. "ट्रक उभे केले होते की!"

"मधल्या गाळ्यांवर," जावई म्हणाला. तो परत आला होता आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला होता. "इथं मी नाही उभे करू दिले."

मग त्यानं सगळं सांगितलं, खाली मान घालून, पोत्यांकडे बघत. शेवटच्या गाळ्याला काँक्रीट थोडं कमी पडलं. मिक्सरचा प्लँट बिघडला, नवा माल चार दिवसांनी येणार. तो टाकला की पुढे अठ्ठावीस दिवस पाणी मारून मुरवायचा. म्हणजे समारंभाची तारीख गेली. "एवढीशीच जागा होती. वाटलं, नंतर फोडून नीट करून घेऊ. समारंभ तेवढा पार पडू दे." त्यानं मान वर केली आणि सासऱ्याकडे पाहिलं. "तुमच्या तारखेसाठी केलं हो, बाबा."

काकूंना वाटलं, ह्याच्या थोबाडीत मारावी. वाटलं, ह्याला पोटाशी धरावं. दोन्ही एकदमच वाटलं आणि हात जागचा हलला नाही. लेक बसमधून उतरून आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे न बघता ती पोरांना रांगेत घेऊन अलीकडच्या तीरावर चालत गेली.

इंजिनीअरबाईंनी पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधायला लावले. जावयाला म्हणाल्या, "उद्या अकराला माझ्या ऑफिसात. लेखी जबाब." फलकावरचा पडदा तसाच राहिला. दोरी ओढलीच नव्हती कोणी.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. चौघं शिलाईच्या खोलीत, जमिनीवर लाल मखमलीच्या चिंध्या अजून पडलेल्या. कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही. आणि मग काकूंचा बांध फुटला.

"लाज नाही वाटली? चाळीस लेकरं होती बसमध्ये! तुझी बायको होती! बस येताना दिसतेय आणि तू खांबासारखा उभा? अडीच गाळे! अडीच गाळे होईपर्यंत कसला विचार करत होतास रे?" अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या जावयाला अरे-तुरे करत होत्या. "माणूस आहेस की..."

"अगं, बास," ठकठकराव म्हणाले.

"का बास? तुम्ही मध्ये पडू नका!"

"मला माहितीये तो कसला विचार करत होता." ते मशीनशेजारच्या स्टुलावर बसले होते, स्टूल न ठोकता. "तो म्हणत होता, नाही खचणार. कदाचित नाही खचणार. एवढ्या एका वेळेला निभावून जाईल. मीही असंच म्हणालो होतो."

काकूंना काही कळेना.

"लढाईत. ह्याच तारखेला. मला रजा मिळाली होती. अकराला ट्रक सुटणार, तो चुकला तर पुढचा आठ दिवसांनी. सकाळी वाट तपासायचं काम आलं. दीडशे पावलांची वाट. सगळी वीत वीत तपासली गं. शेवटची दहा-बारा पावलं उरली आणि मी घड्याळ बघितलं. तिथं मी वीत सोडली आणि हात हात अंतरावर सळई टोचली. काही लागलं नाही. म्हटलं, झालं. फीत अंथरली."

"मग?" लेकीनं विचारलं.

"माझा जोडीदार मागून यायचा, फितीचं रीळ घेऊन. त्यालाही रजा होती. आमच्याच लग्नाला यायचं म्हणून घेतलेली. मी उठून उभा राहिलो, त्याला म्हटलं, चल, आटपलं. तो माझ्यापर्यंत चालत आला." ठकठकरावांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "फितीच्या आत होता गं तो. फितीच्या आतच पाय टाकला त्यानं. माझा एक पाय गेला. तो तर सगळाच गेला."



"दवाखान्यात साहेब आले, पदक लावून गेले. फीत तर उडून गेली होती. मी कुठे हात आखडला ते कोणाला दिसलं नाही, कोणी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. आता पुलावर माझं नाव लिहितात, जखमी वीर म्हणून." मग ते जावयाकडे वळले, आणि त्यांनीही कधी नव्हे ते एकेरी हाक मारली. "पोरा, तू निदान पळालास. तू उद्या अकराला जा आणि एकही शब्द न गाळता सांग. नाही सांगितलंस तर माझ्यासारखा जन्मभर ठोकत बसशील. मी येतो बरोबर. मलाही सांगायचंय."

जावई रडत होता. लेकीनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण उठून त्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला.

काकू मात्र बसल्या जागी थिजल्या होत्या. त्यांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. अकराचा ट्रक. रजा. लग्नाची तारीख. तारखेला आला नाहीत तर दुसरा बघते, मग बसा बोंबलत.

"अहो," त्यांच्या तोंडून कसाबसा आवाज फुटला, "माझं पत्र तुम्हाला मिळालं होतं तेव्हा?"

ते खाली बघत राहिले.

"मिळालं होतं का? खरं सांगा."

"खिशात होतं," ते म्हणाले. "अगं, थट्टा होती ती, मला कळत नव्हतं का? तुझा काय दोष त्यात? हात माझा आखडला."

काकूंना एकदम ती सगळी गिऱ्हाइकं दिसायला लागली. माप देता देता पोट धरून हसणारी. चाळीस वर्षं. एक पाय तिथंच टाकून आले! आणि प्रत्येक वेळी आतल्या खोलीतून दाराकडे जाणारी ती काठी. अरे देवा, लाजत नव्हते ते! आपण हसत हसत रोज सुरी फिरवत होतो आणि हा माणूस मुकाट्यानं बाहेर जाऊन रस्ते ठोकत होता, आपल्याला कळू नये म्हणून.

"एकदा तरी गप्प बस म्हणायचं होतं मला," त्या हुंदके देत म्हणाल्या. "एकदा तरी ओरडायचं होतं हो माझ्यावर!"

"तू हसायचीस ना," ते म्हणाले. "ते कसं थांबवू?"

दुसऱ्या दिवशी अकराला सासराजावई इंजिनीअरबाईंच्या ऑफिसात गेले. जावयाचा जबाब चार पानं झाला. सासऱ्याचा अर्ध्या पानात संपला, पण तो लिहून घेताना बाईंना दोनदा उठून खिडकीशी जावं लागलं. जावयाची नोकरी गेली, खटला उभा राहिला, जी शिक्षा झाली ती त्यानं निमूटपणे भोगली. गावात काहीजण म्हणाले, ठकठकरावांनी सारं गाव वाचवलं. काहीजण म्हणाले, स्वतःच्या लेकीच्या संसारात पहार घातली. दोन्ही म्हणणारे काकूंकडेच कपडे शिवायला यायचे आणि काकू दोघांचंही माप मुकाट्यानं घ्यायच्या.

पूल सव्वा वर्षानं उघडला. शेवटचा गाळा पुरता फोडून नवा केला होता. ह्या वेळी मांडव नव्हता, बँड नव्हता. ठकठकराव पाच गाळे ठोकत गेले आणि सहाव्यावर थांबले. काठी जावयाच्या हातात दिली. "तू बघ," म्हणाले. जावयानं वीत वीत अंतरावर ठोकत सगळा गाळा पार केला. तास लागला. तोवर बस थांबून होती, आणि कोणी हॉर्न वाजवला नाही.

फलकावर नाव ठकठकरावांचं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलेलं दुसरंच नाव आहे, आणि ते गावात कोणालाच माहीत नाही. पडदा तोच लाल मखमलीचा होता, काकूंनी उसवून नव्यानं शिवलेला.

पत्राची गोष्ट काकूंनी त्यानंतर कोणाला सांगितली नाही. पण अधूनमधून एखादं नवीन गिऱ्हाईक विचारतंच, "काकू, पुलाला नाव दिलंय ते कोणाचं हो? कोण होता हा?"

"आमच्या लग्नाला यायला निघाला होता," काकू म्हणतात, आणि मशीन सुरू करतात.